‘लाइट गेले का रे तुमचे?’ : डॉकिंग गेममधल्या अंधाराचं एक प्रकरण

गणपतीचा चौथा दिवस, घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचं क्लबहाउस, आम्ही एका कोपऱ्यात टेबलावर लॅपटॉप मांडलेला आणि वर कागद चिकटवलेला, ‘आमचा गेम खेळा, पेढा मिळवा’. पहिल्या आल्या बी विंगमधल्या काकू. हेडफोन घालून अर्धा मिनिट स्क्रीनकडे बघत बसल्या आणि मग मागे वळून म्हणाल्या, "लाइट गेले का रे तुमचे? काही दिसतच नाहीये."

लाइट गेले नव्हते, उलट जरा जास्तच होते. डोक्यावर चार ट्यूब, मखराभोवती एलईडीच्या माळा, दारात हॅलोजन. आणि स्क्रीनवरही सगळं होतं बरं का, समोर पन्नास मीटरवर दुसरा उपग्रह, त्याच्या तोंडावर डॉकिंग रिंग, म्हणजे दोन उपग्रह जिथे एकमेकांना जोडतात ते कडं, खाली पृथ्वीची रात्रीची बाजू, पण त्या सगळ्याच्या आड काकूंना स्वतःचा चेहरा आणि मागची माळ दिसत होती. त्यांच्यानंतर आठ-दहा जण बसले. शाळकरी पोरांनी ब्राइटनेसचं बटण शोधून फुल केलं, तरी काळं ते काळंच, फक्त जरा धुरकट काळं. पेढे मात्र आरतीच्या आत संपले.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण त्या संध्याकाळपर्यंत आमची ठाम समजूत होती की आमचं लायटिंग ‘खरं’ आहे, आणि लोकांना ते झेपत नसेल तर तो लोकांचा प्रॉब्लेम.

आम्ही तिघं आहोत. मी कोड लिहितो, आणि लायटिंगला दुसरं कोणी नाही म्हणून तेही माझ्याच गळ्यात. मॉडेल्स आणि रंग माझी मावसबहीण बघते, ती ऐरोलीला राहते, शनिवार-रविवार येते, सगळे तिला ताईच म्हणतात. तिसरा कॉलेजचा मित्र, फिजिक्समध्ये एमएस्सी, त्याला चिडवायला आम्ही ‘सर’ म्हणायला लागलो आणि आता तेच नाव झालंय. गेमची आयडिया सरचीच. इस्रोने ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० वरून स्पेडेक्स ह्या डॉकिंग प्रयोगाचे दोन उपग्रह सोडले, प्रत्येकी साधारण २२० किलोचे, आणि १६ जानेवारी २०२५ ला ते एकमेकांना जोडले, त्याच दिवशी ग्रुपवर सरचा मेसेज पडला की ह्यावर गेम करायचा, स्फोट नाही, लेझर गन नाही, फक्त दोन डबे हळूहळू जवळ आणून जोडायचे. तशीच कक्षा घेतली, सुमारे ४७५ किलोमीटर. एवढ्या उंचीवर पृथ्वीला एक फेरी ९४ मिनिटांच्या आसपास होते आणि त्यातली ३६ एक मिनिटं पृथ्वीच्या सावलीत जातात.

लायटिंगबद्दल सरचा नियम एका ओळीचा होता: ॲम्बियंट, म्हणजे सगळीकडून येणारा पसरट उजेड, शून्य. त्याचं म्हणणं असं की जमिनीवर आपण झाडाच्या सावलीत उभे राहिलो तरी दिसतो कारण अख्खं आकाश आपल्यावर उजेड टाकत असतं, तिथे हवाच नाही तर पसरणार काय, म्हणून सूर्याकडची बाजू लख्ख आणि दुसरी बाजू काळीकुट्ट. तर्क पटण्यासारखा होता. अनरियल ह्या गेम इंजिनमध्ये मी एक डायरेक्शनल लाइट, म्हणजे सूर्य, ठेवला, स्काय लाइट, म्हणजे आकाशाचा उजेड, काढून टाकला, ऑटो एक्सपोजर चालू ठेवलं आणि रात्री दोन वाजता, खोलीतला दिवा बंद करून, खिडकीचे पडदे ओढून तिघांनी बघितलं. काय दिसत होतं म्हणून सांगू! अंगावर काटा आला. आमची पहिली चूक तीच, रात्री दोन वाजता पडदे ओढून बघणं.

विसर्जनानंतर मी त्याच टेबलाशी त्याच ट्यूबखाली फोनमधलं लक्स, म्हणजे किती उजेड पडतोय ते, मोजायचं ॲप घेऊन बसलो. ४०० च्या आसपास लक्स. चकचकीत काच त्यातला अंदाजे ४ टक्के उजेड परत फेकते, हिशोब केला तर ती काच स्वतःच ५ निटच्या (निट म्हणजे स्क्रीन किती चमकते त्याचं माप) आसपास चमकत होती. माझा लॅपटॉप फुल ब्राइटनेसला २५० निट. उपग्रहाची अंधारी बाजू आम्ही २५५ पैकी ६ ते १० व्हॅल्यूला ठेवली होती, आणि इथे गंमत आहे, १० म्हणजे २५५ चा पंचविसावा भाग म्हणून पंचविसावा भाग उजेड असं नसतं, एसआरजीबी, म्हणजे स्क्रीन रंगांचे आकडे उजेडात बदलते ती पद्धत, तिच्या वळणामुळे १० म्हणजे फक्त ०.३ टक्के उजेड पडतो. २५० निटचे ०.३ टक्के म्हणजे पाऊण निट. काचेच्या ५ निटच्या धुक्यात आम्ही काकूंना पाऊण निटचा उपग्रह शोधायला लावला होता, वर पेढ्याचं आमिष. बरं, ही झाली सरासरी, माळेतल्या एकेका दिव्याचं प्रतिबिंब तर त्याच्या कितीतरी पट.

सरचं ह्यावर उत्तर, "मग खेळणाऱ्याने दिवा बंद करावा." ताई म्हणाली, "अरे, लोकल पकडून घरी आलेला माणूस जेवता जेवता खेळणार, त्याची आई बाजूला भाजी निवडत असणार, तो घरातला दिवा बंद करणार?" सुरुवातीला ब्राइटनेसची पट्टी दाखवायची, ‘हे चिन्ह जेमतेम दिसेल इतकं ठेवा’ वाली, ती आमच्याकडे होतीच, पण क्लबहाउसमध्ये प्रत्येकाने ती न वाचता एंटर मारला होता. मीही दुसऱ्यांच्या गेममध्ये तेच करतो.

दुसरी भानगड ऑटो एक्सपोजरची, आणि ही माझी स्वतःची, सरवर ढकलता येणार नाही. ऑटो एक्सपोजर स्क्रीनवरच्या पिक्सलचा अंदाज घेऊन ठरवतं की कॅमेऱ्याने डोळे किती उघडायचे. अवकाशात स्क्रीनचा नव्वद टक्के भाग काळा. त्याला वाटतं अरे बापरे किती अंधार, आणि ते डोळे टक्क उघडतं, मग उन्हातली बाजू पांढरीफटक, तिच्यावरचे स्क्रू, पट्ट्या, ताईने आठवडाभर बसून काढलेली सोनेरी फॉइल, सगळं गुल. जवळ गेलं की उपग्रह स्क्रीन भरून टाकतो, मग त्याला वाटतं किती उजेड, ते डोळे मिटायला लागतं. म्हणजे नेमकं शेवटच्या पाच मीटरात, जिथे हात स्थिर पाहिजे, तिथे चित्र उजळ-मंद-उजळ असं श्वास घेतल्यासारखं हलत राहायचं. एका काकांना त्यानेच गरगरलं. हे खरं तर फोटो काढणाऱ्या कोणालाही माहीत असतं, चंद्राचा फोटो फोनने ऑटोवर काढला की पांढरा ठिपका येतो तो ह्याच कारणाने. अपोलोच्या फोटोत आकाशात तारे दिसत नाहीत तेही इथूनच येतं, उन्हातली जमीन आणि पांढरे सूट नीट यावेत म्हणून एक्सपोजर इतकं कमी ठेवलेलं की ताऱ्यांना फिल्मवर उमटायला वेळच मिळाला नाही.

तिसरी गोष्ट मात्र सरच्या वर्मावर बसली आणि ती काढली ताईने, जिचा फिजिक्सशी बारावीनंतर संबंध नाही. तिने स्पेसवॉकचे फोटो समोर ठेवून विचारलं, की ह्या माणसाच्या सूटची सावलीतली बाजू काळी का नाहीये? निळसर करडी का आहे? सर पाच मिनिटं गप्प. मग कागद घेऊन बसला आणि अर्ध्या तासाने स्वतःच म्हणाला की मी गाढव आहे.

हवा नाही हे बरोबर, पण खाली पृथ्वी आहे ना! ४७५ किलोमीटरवरून पृथ्वी म्हणजे लांबचा गोळा नव्हे, ती जवळजवळ १३७ अंश पसरलेली असते, जवळपास एक तृतीयांश आकाश व्यापून. तिच्यावर पडणाऱ्या उन्हातलं साधारण ३० टक्के ती परत फेकते. वातावरणाबाहेर थेट ऊन सव्वा लाख लक्सच्या वर, तर भरदुपारच्या भागावरून जाताना उपग्रहाच्या पोटाखाली, पृथ्वीकडच्या बाजूला, ३० हजार लक्सच्या पुढे उजेड येतो. ढगाळ दिवशी ठाण्यात रस्त्यावर असतो त्याहून जास्तच. म्हणजे आमचा ‘खरा’ काळाकुट्ट अंधार दिवसाच्या बाजूला चक्क खोटा होता. सर ॲम्बियंट शून्य करताना पृथ्वीच विसरला होता, आणि ती स्क्रीनवर अर्धी जागा खाऊन बसलेली!

हे दुरुस्त करायला एक संध्याकाळ लागली. पृथ्वीच्या दिशेने एक मोठा मऊ निळसर लाइट, त्याची ताकद खाली ऊन किती आहे त्यावर बदलणारी. उपग्रहाला एकदम गोलाई आली, वजन आलं. ऑटो एक्सपोजर बंद करून दिवसासाठी एक ठरलेलं एक्सपोजर लावलं, उन्हातल्या वस्तूला लावतात तसं, ईव्ही (एक्सपोजरचं माप, आकडा लहान तितके कॅमेऱ्याचे डोळे जास्त उघडे) १५ च्या आसपास. दिवसाचा प्रश्न तिथेच संपला आणि त्यावर पुन्हा भांडण झालं नाही.

रात्रीचं मात्र तसं सुटेना. सावलीत शिरलं की खरंच अंधार. चंद्र असला तर पाव-अर्धा लक्स, म्हणजे दिवसापेक्षा लाखो पट कमी. आणि तो अंधारच तर गेमचा जीव होता, तो काढून टाकला तर उरतं काय, दोन डबे जोडायचं काम. मी एक दिवस वैतागून सगळीकडे सरसकट थोडा ॲम्बियंट टाकला, सरला न सांगता. दिसायला लागलं सगळं, पण कसं, पावसाळ्यात दुपारी चार वाजता बाल्कनीत दिसतं तसं, मेलेलं. सरने दोन मिनिटांत पकडलं. ह्यावेळी ताईही त्याच्या बाजूने.

इथे आमचा मामा आला. मामा आयुष्यभर बँकेत होता पण त्याचा खरा जीव हौशी रंगभूमीत, राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका, गडकरी रंगायतन, घाणेकर, जिथे बोलावतील तिथे प्रकाशयोजना करायला जाणारा माणूस. रविवारी जेवायला आला होता, मी सहज दाखवलं. त्याने गेम खेळलाच नाही, नुसता बघितला, डोळे मिचमिचे करून, मान तिरकी करून. म्हणाला, "हे बघ, असं डोळे बारीक करून बघायचं आणि काय उरतं ते मोजायचं. तुझ्यात काहीच उरत नाही." मग म्हणाला, "नाटकात रात्र म्हणजे अंधार नसतो रे. रात्र म्हणजे त्या पात्राला दिसत नाहीये हे शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसलं पाहिजे. म्हणून आम्ही निळा मारतो. रात्र काय निळी असते का? पण लोक मान्य करतात."

मी म्हटलं, "मामा, तुझ्याकडे पात्र वेगळं आणि प्रेक्षक वेगळा. माझ्याकडे दोन्ही एकच माणूस आहे. त्याला दिसलं तर पात्रालाही दिसलं." ह्यावर मामा जरा थांबला, श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. "मग त्याला सगळं नको दाखवू. हाताला लागेल तेवढं दाखव. दाराची कडी दाखव, खोली राहू दे."

कडी दाखव, खोली राहू दे. पुढचे तीन आठवडे आम्ही हेच केलं. आधी ठरवलं की ह्या खेळात कडी म्हणजे काय काय: समोरची रिंग, ती कुठल्या कोनात वळलीय, अंतर, आणि आपण किती वेगाने सरकतोय. बाकी सगळं, उपग्रहाच्या मागची बाजू, सौर पॅनल, अँटेना, हे खुशाल काळोखात जाऊ दे.

आणि मग कळलं की खऱ्या अवकाशातही लोक अंधारात चाचपडत नाहीत, ते सोय करून ठेवतात. १६ मार्च १९६६ ला अमेरिकेच्या जेमिनी ८ यानाने अजीना ह्या बिनमाणसांच्या यानाला जोडून पहिलं डॉकिंग केलं तेव्हा अजीनावर लुकलुकणारे दिवे होते, लांबून सापडावं म्हणून. सिग्नस मालवाहू यानावर बोटीसारखे दिवे आहेत, डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, खाडीतल्या बोटींना असतात त्याच नियमाने. डॉकिंगच्या तोंडाशी एक साधी युक्ती असते, काळ्या तबकडीच्या पुढे दांड्यावर उभा केलेला पांढरा क्रॉस, तुम्ही सरळ रेषेत असाल तर क्रॉस तबकडीच्या मधोमध दिसतो, जरा वाकडे असाल तर सरकलेला. आम्ही हे सगळं उचललं. लाल-हिरव्याचा फरक बऱ्याच पुरुषांना कळत नाही, म्हणून लाल एकदा लुकलुकतो आणि हिरवा पाठोपाठ दोनदा, एवढी आमची भर. सरची यावर तक्रार नाही, कारण दिवे ‘खरे’ आहेत.

त्याची तक्रार टॉर्चवर होती. आमच्या यानाला १० हजार कँडेला ताकदीचा दिवा दिला. अंतराच्या वर्गाने उजेड कमी होतो, म्हणजे १० मीटरवर १०० लक्स, ५० मीटरवर ४, १०० मीटरवर फक्त १. ह्याचा फायदाच झाला, लांबून काही दिसत नाही आणि जवळ जाल तसतशी रिंग अंधारातून वर येते, एखादा मासा पाण्यातून वर यावा तशी. एक्सपोजर त्या १० मीटरच्या १०० लक्सवर बेतलं, ईव्ही ५ च्या आसपास, दिवसापेक्षा दहा स्टॉप उघडं, एकेका स्टॉपला उजेड दुप्पट. अडचण अशी की तिथे धूळ नाही, धुकं नाही, त्यामुळे दिव्याचा झोतच दिसत नाही! बटण दाबलं आणि समोर काही नसेल तर काहीच होत नाही, लोक पाच-पाच वेळा बटण दाबत बसायचे. मला झोत दाखवायचा होता, थोडासा, सिनेमात असतो तसा. सर म्हणाला मी गेममधून बाहेर पडतो. शेवटी ताईने मार्ग काढला, दिवा लागला की आपल्याच यानाच्या नाकाची कड उजळते आणि पॅनलवर एक पिवळा ठिपका लागतो. झोत नाही, पण हाताला कळतं.

एक चोरी मात्र केली आणि ती कबूल करतो. पृथ्वीच्या कडेला रात्री एक फिकट हिरवट पट्टा असतो, एअरग्लो, सुमारे ९० ते १०० किलोमीटर उंचीवरची हवा स्वतःच मंद चमकते त्याचा. खरा आहे, अंतराळवीरांच्या फोटोत दिसतो. पण त्याच्या उजेडात उपग्रहाची कड उजळेल इतका तो नसतोच. आम्ही त्याचं निमित्त करून मागून एक हिरवट बारीक कड मारली, मामाच्या भाषेत बॅकलाइट. सरने तीन दिवस अबोला धरला आणि मग म्हणाला की ठेवा, पण सेटिंगमध्ये बंद करायची सोय द्या. दिली. त्याचं नाव ‘खरा अंधार’.

ताऱ्यांच्या बाबतीत मात्र सर आणि मी पहिल्यांदा एका बाजूला आलो. दिवसा एक्सपोजर कमी म्हणून तारे नाहीत, आकाश कोरं काळं. सावलीत शिरलो की सूर्य मावळायला तिथे आठ-दहा सेकंदच लागतात, कारण कक्षेत तुम्ही मिनिटाला जवळपास चार अंश पळताय आणि सूर्य अर्ध्या अंशाचा, तेवढ्या वेळात एक्सपोजर सावकाश उघडतं आणि तारे येतात. मग समोरचा उपग्रह दिसत नसला तरी तो जिथे आहे तिथे ताऱ्यांना भोक पडलेलं दिसतं. काळ्यावर काळं, तरी कळतं की तिथे काहीतरी आहे आणि ते मोठं होतंय. मला विचाराल तर अख्ख्या गेममधली सगळ्यात भीतीदायक गोष्ट तीच आहे आणि तिला एक पैचाही लाइट लागला नाही.

दुसरी टेस्ट कोजागिरीला, सोसायटीच्या गच्चीवर. सेक्रेटरींनी गच्चीवरचे दिवे बंद केले होते, खालून घोडबंदर रोडचा पिवळा उजेड थोडा येत होता पण टाकीच्या मागे बऱ्यापैकी चंद्रच. वीस मिनिटं तिथे बसल्यावर सर म्हणाला, "बघ, पाव लक्स. आणि मला दुधातला बदाम दिसतोय." खरंच दिसत होता. ताईची लाल ओढणी काळी दिसत होती, पांढरे ग्लास निळसर करडे, पण माणसं ओळखू येत होती, पायऱ्या कळत होत्या. म्हणजे डोळा एवढ्या उजेडात चालतो, फक्त त्याला वीस-तीस मिनिटं द्यावी लागतात, आणि आमचा खेळाडू रात्रीत शिरल्यापासून चार मिनिटांत डॉकिंग करतो. सरच्या मते ह्याने सिद्ध झालं की आमचा ईव्ही ५ फसवा आहे. माझ्या मते ह्याने सिद्ध झालं की काळं चित्र तर त्याहून फसवं होतं, तिथे बसलेल्या माणसाला इतकं काळं कधी दिसलंच नसतं. हे भांडण दूध संपेपर्यंत चाललं, अजूनही मिटलेलं नाही.

तेवढ्यात बी विंगमधल्या काकू आल्या, ह्यावेळी पेढ्याशिवाय. टाकीजवळच्या कट्ट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसल्या. सूर्य मावळला, तारे आले, काकू गप्प. तारे पुसले जायला लागले तसं त्यांनी पदर सारखा केला. लाल दिवा, हिरवा दिवा, मग टॉर्च, मग रिंग वर आली, आणि क्रॉस तबकडीच्या डावीकडे सरकलेला.

"आता दिसतंय हो सगळं," काकू म्हणाल्या, "पण बोट उचललं तरी हे थांबत का नाही? मी बटण कधीचं सोडलंय की!"

सर ग्लास ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि न्यूटनपासून सुरुवात केली.